उकडा तांदूळ आणि बेरीबेरीचा शोध

कोकणात अजूनही अनेक घरांत सकाळी चुलीवर किंवा शेगडीवर पेज चढते. तांदूळ उकडा, बहुधा तांबूस, जाड दाण्याचा. एक वाटी तांदळाला सात-आठ वाट्या पाणी, मंद जाळ आणि पाऊण तासाचा धीर एवढीच तिची कृती. शीत मऊ होते पण फुटत नाही, पाणी किंचित दाट होते, शेवटी चवीपुरते मीठ पडते. तोंडी लावायला खारातली मिरची, भाजलेला सुका बांगडा किंवा फणसाची भाजी. गोव्यात आदल्या दिवशीची आटवलेली कडी. तापातून उठलेल्या माणसाला आणि लावणी करून भिजून आलेल्या माणसाला समोर येणारे पहिले अन्न हेच.

घाटावरच्या पाहुण्याला मात्र हा तांदूळ पटकन रुचत नाही. त्याचा रंग पिवळट किंवा लालसर, दाणा राठ आणि वास वेगळा. 'सुरय' म्हणजे न उकडलेला पांढरा तांदूळ बाजारात मिळत असताना ही माणसे उकडा का खातात, असा प्रश्न त्याला पडतो. शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हाच प्रश्न विचारला होता. एक जण म्हणाले, "तो गरिबांचा तांदूळ, दुसरे काय?" दुसऱ्या बाई म्हणाल्या, "आपल्या पूर्वजांना जीवनसत्त्वे ठाऊक होती, म्हणून त्यांनी ही पद्धत काढली." दोन्ही उत्तरे ठामपणे दिलेली होती, आणि दोन्ही चुकीची होती. खरे उत्तर शोधायला जगाला सुमारे साठ वर्षे लागली. त्या शोधाच्या वाटेवर आगबोटी, तुरुंग, कोंबड्या आणि वेड्यांचे एक इस्पितळ येते. ती वाट आपण थोडक्यात चालून पाहू.

उकडा म्हणजे काय?

शेतातून आलेले भात, ज्याला घाटावर साळ म्हणतात, ते टरफलासकट पाण्यात भिजवतात. मग मोठ्या भांड्यात ते उकडतात. टरफल किंचित उकलले की भात काढून अंगणात वाळवतात आणि त्यानंतर भरडतात. पूर्वी हे काम घरोघर घिरटावर आणि उखळ-मुसळाने होत असे, आता गिरणीत होते. सुरय तांदळासाठी भात न उकडता नुसते वाळवून भरडतात. दोन्हींतला फरक एवढाच: भरडण्याच्या आधी उकडले की नाही.

उकडण्याचे फायदे शेतकऱ्याच्या डोळ्यांना दिसणारे होते. टरफल सहज सुटते, दाणा चिवट होतो आणि कांडताना कणी कमी पडते. शिजवल्यावर शीत मोकळे राहते. बायकांच्या हातांना मुसळाचे काही घाव कमी घालावे लागत. एवढ्या कारणांवर ही रीत कोकण, गोवा, कारवारपासून केरळपर्यंत, तसेच तमिळ प्रदेश, ओडिशा आणि बंगालात रुजली. या कारणांत आरोग्याचा विचार आल्याचे दिसत नाही. आरोग्याशी असलेला तिचा संबंध कळायला आधी एक मोठे संकट यावे लागले.

पांढऱ्या तांदळाचे संकट

हाताने कांडलेल्या तांदळावर कोंड्याचा थोडा तरी थर राहतोच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेवर चालणाऱ्या गिरण्या रंगून, सायगाव, बँकॉक या बंदरांत उभ्या राहिल्या. या गिरण्या कोंडा जवळजवळ संपूर्ण काढून टाकत. तांदूळ पांढराशुभ्र, चकचकीत होई आणि जास्त दिवस टिके. कोंड्यात तेल असते व ते खवट होते, म्हणून कोंडा काढलेला तांदूळ साठवायला आणि जहाजाने पाठवायला सोयीचा. तो स्वस्तही झाला. सैन्य, तुरुंग, मळे, खाणी, जेथे हजारो माणसांना एकाच कोठारातून शिधा द्यायचा होता, तेथे तो पोचला.

त्याच्या पाठोपाठ बेरीबेरी वाढली. हा रोग नवा नव्हता, पण आता त्याने साथीचे रूप घेतले. प्रथम पाय जड व बधिर होत, चालताना तोल जाई. काहींच्या अंगावर सूज येई, धाप लागे आणि हृदय थांबून मृत्यू येई. तो काळ जंतुशास्त्राच्या विजयाचा होता. क्षय, पटकी अशा रोगांचे जंतू एकामागून एक सापडत होते. तेव्हा बेरीबेरीचाही जंतू असणार, असे बहुतेक डॉक्टर धरून चालले होते.

दोन जहाजे

जपानच्या आरमारात हा रोग इतका होता की लढाईआधीच जहाजे निकामी व्हायची वेळ आली होती. ताकाकी कानेहिरो हे आरमारातील डॉक्टर लंडनला शिकून १८८० मध्ये परतले होते. त्यांना दिसले की रोग अधिकाऱ्यांना कमी होतो आणि खलाशांना फार. दोघांच्या राहणीत अनेक फरक होते, पण त्यांनी आहारावर बोट ठेवले. खलाशांचे जेवण म्हणजे मुख्यतः पांढरा भात.

'रयुजो' हे जहाज १८८२-८३ मध्ये न्यूझीलंड, दक्षिण अमेरिका आणि हवाई असा लांबचा प्रवास करून आले. त्यावरील ३७६ माणसांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली आणि २५ जण मेले. ताकाकींनी आग्रह धरून १८८४ मध्ये 'त्सुकुबा' हे दुसरे जहाज त्याच मार्गाने पाठवले, मात्र शिधा बदलून. भात कमी केला आणि मांस, दूध, पाव, जव यांचे प्रमाण वाढवले. या जहाजावर रुग्ण पंधराच्या आसपास निघाले आणि बेरीबेरीने एकही माणूस मेला नाही.

ताकाकींचे स्पष्टीकरण असे की भातात प्रथिने कमी पडतात म्हणून रोग होतो. हे स्पष्टीकरण चुकीचे होते. उपाय मात्र बरोबर होता आणि आरमारातून बेरीबेरी जवळजवळ नाहीशी झाली. भूदलातील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मात्र जंतूचाच सिद्धांत मान्य होता, ताकाकींचे कारण त्यांना पटले नाही, आणि सैनिकांना पांढरा भात मिळत राहिला. रशिया-जपान युद्धात, १९०४-०५ मध्ये, भूदलातील सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीने मेले. स्पष्टीकरण पटत नाही म्हणून निरीक्षणाकडेही पाठ फिरवली, तर काय किंमत द्यावी लागते याचे हे उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे.

कोंबड्या आणि तुरुंग

याच सुमारास जावा बेटावर, त्या वेळच्या बटाव्हियात, ख्रिस्तियान आइकमान हे डच डॉक्टर बेरीबेरीचा जंतू शोधत होते. प्रयोगासाठी पाळलेल्या त्यांच्या कोंबड्या एकाएकी लुळ्या पडू लागल्या. जंतू टोचलेल्याही पडल्या आणि न टोचलेल्याही. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केल्यावर कारण कळले. मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा भात घातला जात होता. मग आचारी बदलला. लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नव्या आचाऱ्याने नकार दिला आणि त्यांच्या खाण्यात पुन्हा साधा, कोंड्यासहित तांदूळ आला. आइकमान यांनी प्रयोग करून दाखवले की पांढऱ्या तांदळाने कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंडा दिला की सुधारतात.

कोंबड्यांचे माणसांना लागू पडते का? आइकमान यांचे सहकारी फोर्डरमान हे जावातील तुरुंगांचे आरोग्य पाहत. त्यांनी १८९५-९६ मध्ये १०१ तुरुंगांची पाहणी केली. कैद्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक भरली. इमारत किती जुनी, हवा खेळती आहे का, गर्दी किती, याही नोंदी त्यांनी घेतल्या, पण त्यांचा रोगाशी संबंध दिसला नाही. तांदळाचा मात्र दिसला. पांढरा तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत सुमारे ३९ कैद्यांमागे एकाला बेरीबेरी होती. कोंड्याचा थर असलेला तांदूळ मिळे तेथे हे प्रमाण सुमारे दहा हजारांमागे एक होते.

तरीही आइकमान यांना वाटे की पिठूळ भागात काही विष असते आणि कोंड्यात त्यावरचा उतारा. त्यांच्यामागून काम करणारे खेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये उलट मांडणी केली: तांदळात विष नाही, तर कोंड्याबरोबर शरीराला आवश्यक असे काहीतरी फेकले जाते. रोग 'काही शिरल्यामुळे' होतो तसा 'काही न मिळाल्यामुळे'ही होऊ शकतो, ही कल्पना त्या काळी पचायला जड होती.

तमिळ मजुरांची शिदोरी

येथपर्यंत प्रश्न कोंड्याचा होता. उकड्या तांदळाचा धागा या कथेत मलायात येऊन मिळतो. तेथील कथिलाच्या खाणींत चिनी मजूर, तर मळ्यांवर तमिळ मजूर होते. हवा, पाणी, डास सगळ्यांना सारखेच आणि मुख्य अन्न भातच. तरी चिनी मजूर बेरीबेरीने मोठ्या संख्येने मरत होते आणि तमिळ मजुरांत रोग क्वचित दिसे. ब्रॅडन या ब्रिटिश डॉक्टरांच्या लक्षात आले की चिनी मजूर सयामहून आलेला सुरय पांढरा तांदूळ खातात, तर तमिळ मजूर आपल्या गावच्या सवयीप्रमाणे उकडा. विशेष म्हणजे हा उकडाही गिरणीत सडलेलाच असे. म्हणजे केवळ 'कोंडा राहिला म्हणून' असे सांगून भागत नव्हते. उकडण्यानेच काहीतरी घडत होते. ब्रॅडन यांना वाटे की साठवलेल्या सुरय तांदळावर विषारी बुरशी येते आणि उकड्यावर ती येत नाही. हेही स्पष्टीकरण पुढे चुकीचे ठरले.

फ्लेचर या डॉक्टरांनी १९०५-०६ मध्ये क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात ही गोष्ट पडताळून पाहिली. रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सुरय तांदूळ, दुसऱ्याला उकडा, बाकी सारे समान. सुरय गटात अनेकांना बेरीबेरी झाली व बरेच मेले. उकड्या गटात त्या रोगाने कोणीही मेले नाही. दोष जागेचा असेल अशी शंका उरू नये म्हणून त्यांनी दोन्ही गटांच्या जागांची अदलाबदल केली. रोग जागेबरोबर राहिला नाही, तांदळाबरोबर गेला. पुढे फ्रेझर आणि स्टँटन यांनी रस्त्याच्या कामावरील सुमारे ३०० जावानी मजुरांवर असाच प्रयोग केला आणि तांदूळ आलटून पालटून तोच निष्कर्ष काढला. त्यांचे निष्कर्ष १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले.

येथे थांबून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ज्यांच्यावर हे प्रयोग झाले ते मनोरुग्ण आणि परदेशी मजूर होते. त्यांची संमती हा प्रश्न त्या काळी कोणी विचारला नाही. आज असा प्रयोग करता येणार नाही, आणि येऊही नये. पाठ्यपुस्तकात जीवनसत्त्वांच्या तक्त्यातली एक ओळ आपण मुलांकडून पाठ करून घेतो, तिच्यामागे ही माणसे आहेत.

नाव, स्फटिक आणि सूत्र

यानंतरचा इतिहास पुस्तकांतून सहज सापडतो, म्हणून धावता घेऊ. काझिमीर फुंक यांनी १९१२ मध्ये 'व्हिटॅमिन' ही संज्ञा मांडली. यान्सेन आणि डोनाथ यांनी १९२६ मध्ये जावातच तांदळाच्या कोंड्यातून ते द्रव्य शुद्ध स्फटिकरूपात वेगळे केले. आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक हॉपकिन्स यांच्यासह मिळाले. रॉबर्ट विल्यम्स यांनी १९३६ मध्ये त्याची रचना निश्चित करून ते प्रयोगशाळेत तयार केले. हेच थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व. विल्यम्स यांचा जन्म १८८६ चा, आणि तो झाला आंध्रच्या किनाऱ्यावरील नेल्लोरला.

भारतातील बेरीबेरीचा मुख्य पट्टाही आंध्रच्याच किनाऱ्यावर, नेल्लोरच्या उत्तरेकडच्या जिल्ह्यांत होता. देशात भात खाणारे इतके प्रांत असताना रोग तेथेच का? कारण तेथे गिरणीत सडलेला सुरय तांदूळ खाण्याची रीत होती, तर भात खाणाऱ्या इतर मोठ्या प्रदेशांत उकडा खात. या रोगाच्या अभ्यासासाठी १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे, पाश्चर संस्थेतील एका खोलीत, मॅककॅरिसन यांनी 'बेरीबेरी चौकशी' सुरू केली. त्या खोलीतूनच वाढत जाऊन, पुढे हैदराबादला हलून, आजची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. मॅककॅरिसन यांच्यानंतर आलेले आयक्रॉइड आणि त्यांचे सहकारी यांनी १९४० मध्ये भारतातील तांदळाच्या प्रश्नावर अहवाल लिहिला. उकडणे, सडणे, धुणे, शिजवणे या प्रत्येक पायरीला ब-१ चे काय होते, याचा हिशेब त्यांनी मांडला.

दाण्याच्या आत काय घडते?

तांदळाच्या दाण्यात ब-१ मुख्यतः बाहेरच्या थरांत आणि अंकुराजवळ असते. सुरय तांदूळ गिरणीत सडला की हे भाग कोंड्याबरोबर जातात. भात भिजवून उकडले की पाण्यात विरघळणारे ब-१ बाहेरच्या थरांतून आत, पिठूळ भागात झिरपते. त्याच वेळी पिठूळ भागातील स्टार्च उष्णतेने फुगते आणि वाळल्यावर घट्ट बसते. जीवनसत्त्व जणू दाण्यात डकवले जाते. मग वरचा कोंडा गिरणीने काढला, तरी बराचसा साठा आत राहतो.

आकडे बोलके आहेत. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम तांदळातील ब-१ असे: सुरय, गिरणीचा ०.०६ मिलिग्रॅम. सुरय, हातसडीचा ०.२१. उकडा, गिरणीचा ०.२१. उकडा, हातसडीचा ०.२७. म्हणजे गिरणीत सडलेला उकडा हा हातसडीच्या सुरय तांदळाच्या बरोबरीचा आहे. दिवसाला ४०० ग्रॅम तांदूळ खाणाऱ्या माणसाला गिरणीच्या सुरय तांदळातून ०.२४ मिलिग्रॅम मिळेल आणि गिरणीच्या उकड्यातून ०.८४. प्रौढ माणसाची रोजची गरज एक मिलिग्रॅमच्या थोडी वर असते. ज्याच्या ताटात डाळ, भाजी, मासळी आहे त्याची तूट भरून निघते. ज्याच्या ताटात भाताखेरीज फारसे काही नाही, त्याला हा फरक जगण्या-मरण्याचा ठरतो. रोग तुरुंगांत, बराकींत आणि खाणींवर का वाढला, हे यावरून कळेल.

आता पुन्हा पेजेकडे येऊ. तांदूळ तीन-चार पाण्यांनी चोळून धुतला, भरपूर पाण्यात शिजवला आणि वरचे पाणी वेळून टाकले, तर विरघळलेले ब-१ मोरीत जाते. पेजेत शिजलेले पाणी फेकण्याचा प्रश्नच नाही, ते पाणी म्हणजेच पेज. उष्णतेने थोडे ब-१ नष्ट होते हे खरे, पण जे पाण्यात उतरले ते वाटीतच राहते. मात्र लवकर शिजावे म्हणून पेजेत सोडा घालू नये, कारण क्षारयुक्त पाण्यात ब-१ झपाट्याने नष्ट होते.

पूर्वजांना ठाऊक होते का?

शिबिरातल्या बाईंचे म्हणणे येथे पुन्हा विचारात घेऊ. भात उकडण्याची रीत शोधणाऱ्यांना ब-१ ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर तीच माणसे तांदूळ इतक्या वेळा धुऊन ते पाणी गुरांना घालती ना. कणी कमी पडावी म्हणून त्यांनी एक रीत निवडली आणि त्या रीतीने नकळत त्यांना वाचवले. आंध्रच्या किनाऱ्यावरील लोक त्यांच्याहून कमी शहाणे नव्हते. त्यांची निवड वेगळी होती आणि गिरणी आल्यावर ती महागात पडली. म्हणून 'जुने ते सोने' हाही निष्कर्ष निघत नाही आणि 'गरिबांचा तांदूळ' हा तिरस्कारही टिकत नाही. घरगुती रीत ही एक नोंद असते. तिच्यात काय दडले आहे ते तुलना करूनच कळते.

आणि ती तुलना कोणी केली? ताकाकी, आइकमान, ब्रॅडन या तिघांचीही स्पष्टीकरणे चुकली. तरी ते पुढे जाऊ शकले, कारण प्रत्येकाने एकच साधा प्रश्न विचारला होता: रोग कोणाला होतो, कोणाला होत नाही, आणि दोघे खातात काय?

हा प्रश्न जुना झालेला नाही. काश्मीर खोऱ्यात २०१० नंतरच्या दशकातही डॉक्टरांना तान्ह्या बाळांत ब-१ च्या तीव्र कमतरतेचे रुग्ण आढळले. त्यांच्या आयांचा आहार मुख्यतः पांढऱ्या, अनेकदा धुतलेल्या तांदळाचा होता. वेळेवर ओळखले तर थायामिन देताच अशी मुले झपाट्याने सुधारतात. न ओळखल्यास दगावतात.

वर्गात करून पाहण्यासाठी

उकडा आणि सुरय तांदळाचे दाणे उजेडासमोर धरा. उकडा दाणा काचेसारखा अर्धपारदर्शक दिसतो, सुरय दाण्यात बहुधा पांढरट ठिपके दिसतात. मग दोन्ही तांदूळ सारख्या मापाने घेऊन सारख्याच पाण्यात धुवा आणि दोन्ही पाण्यांचा गढूळपणा ताडून पाहा. त्या पाण्यांत आयोडीनच्या द्रावणाचे थेंब टाकून निळा रंग कोठे गडद येतो ते नोंदवा. येथे आपल्याला स्टार्च दिसते, ब-१ नव्हे, हे मुलांना आधीच सांगा. पण दाण्यातून पाण्यात किती काही उतरते, याची कल्पना येते.

त्यानंतर मुलांना घरी पाठवा आणि तीन प्रश्न विचारून यायला सांगा: तुमच्याकडे कोणता तांदूळ, तो किती पाण्यांनी धुता, आणि शिजवलेले पाणी टाकता का? तीस-चाळीस घरांची उत्तरे फळ्यावर मांडली की फोर्डरमान यांनी १०१ तुरुंगांत जे केले, त्याची छोटी आवृत्ती तयार होईल. त्या दिवशी डब्यात कोणी पेज आणली असेल, तर ती वाटून खाण्याआधी फळ्यावर तिचीही नोंद करा.